डब्यातल्या ओळखींसाठी ॲप बनवताय? चॅट सगळ्यात शेवटी

दर वर्षी जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दोन-तीन ग्रुप माझ्याकडे येतात. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, ठाणे अशा भागांतली मुलं असतात आणि त्यांतल्या एका ग्रुपकडे ही कल्पना हमखास असते: लोकलमध्ये रोज इतका वेळ जातो, सगळे मान खाली घालून रील बघत बसतात, तर शेजारच्याशी ओळख करून देणारं ॲप काढू या. कल्पना चांगलीच आहे, गडबड होते ती क्रमात. आधी लॉगिन, मग प्रोफाइल फोटो, मग 'तुमच्या जवळचे प्रवासी' दाखवणारा नकाशा, मग चॅट. सुरक्षिततेचं पान प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री जोडलेलं असतं.

माझं पहिलं ॲपही याच क्रमाने झालं होतं. चाचणीच्या पहिल्याच सकाळी मित्राला नोटिफिकेशन आलं, 'तुमच्या डब्यात ४ जण गप्पांना तयार आहेत!' तेव्हा तो ऐरोलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभा होता.

पुढे दिलेला क्रम ठाणे–वाशी आणि ठाणे–पनवेल या ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. दुसऱ्या मार्गासाठी तपशील बदलतील, क्रम बदलू नका.

सुरू करण्याआधी

एक वही, महिन्याचा पास आणि टीममध्ये लेडीज डब्यातून रोज जाणारी किमान एक मुलगी. तिसरी गोष्ट नसेल तर थांबा आणि आधी ती व्यक्ती शोधा. चार मुलग्यांनी मिळून काढलेली अशी ॲप मी बरीच पाहिली आहेत. त्यांत न चुकता दोन गोष्टी असतात, 'आसपास कोण आहे' हे बघायची सोय आणि 'हाय' पाठवायचं बटण. या दोन गोष्टी बाईच्या फोनवर कशा दिसतील, हे त्यांना दाखवायला टीममध्ये कोणी नसतं.

टप्पा १: फोन खिशात, दहा दिवस प्रवास

दहा दिवस एकच गाडी, एकच डबा, एकच दार. फक्त एवढंच टिपायचं: अनोळखी माणसांत पहिलं वाक्य कोण बोललं, काय बोललं आणि बोलणं किती स्टेशनं टिकलं.

पहिले दोन दिवस काही दिसत नाही. मग दिसायला लागतं. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'कुठे उतरणार?' आणि त्याचा गप्पांशी काही संबंध नसतो. ती जागेची चौकशी असते. तुम्ही घणसोली म्हणालात की समोरचा तुमच्यासमोर पाय रोवून उभा राहतो. दुसरं म्हणजे बॅग रॅकवर ठेवायला देणं. तिसरं, माझं आवडतं, पंखा. बटण दाबूनही पंखा फिरत नाही, मग कोणीतरी खिशातलं पेन किंवा कंगवा जाळीतून आत घालून पात्याला टिचकी मारतं. पंखा सुरू झाला की चार अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात आणि बोलणं सुरू होतं.

वही भरत गेली की लक्षात येतं, डब्यात ओळख होते ती हातातल्या एखाद्या कामावरून. 'मला ट्रेकिंग आवडतं' असं गळ्यात अडकवून कोणी उभं नसतं. जुने गट बघा: भजनाचा गट टाळ घेऊन येतो, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, लेडीज डब्यात हळदीकुंकू होतं. प्रत्येक ठिकाणी करायला काहीतरी आहे आणि ओळख त्याच्या मागून आली आहे.

ज्यांना बोलायचं नाही त्यांचीही नोंद करा. रात्रपाळी करून झोपत जाणारे, परीक्षेची उजळणी करणारे, आणि ज्यांना दिवसभरात गप्प बसायला मिळणारा हा एकच अर्धा तास असतो असे. ॲपने यांच्या वाटेला जायचं नाही.

*तपासा:* वहीत वेगवेगळी किमान पंचवीस 'पहिली वाक्यं' जमली का? नसतील तर आणखी पाच दिवस जा.

टप्पा २: नेमकं कुणासाठी, हे आखून घ्या

'ठाण्याचे प्रवासी' असा समाज नसतो. आपल्याकडे गाडीला वेळेच्या नावाने ओळखतात: 'आठ-चोवीसची', 'नऊ-दोनची पनवेल'. त्या गाडीतला ठराविक डबा आणि त्या डब्याचं ठराविक दार, एवढाच खरा शेजार. बारा डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर लांब असते आणि आपल्या नेहमीच्या साध्या लोकलमध्ये चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणजे तिसऱ्या डब्यातल्याला दहाव्या डब्यातला माणूस '१५० मीटरवर' दाखवून उपयोग शून्य. जवळपासचा परीघ ही कल्पनाच खोडून टाका. ॲपमध्ये माणूस निवडेल ते वेळ, डबा आणि दार.

मार्ग एकच घ्या. ट्रान्स-हार्बर मी सुचवतो कारण गाडी ठाण्यात सुरू होते. ती फलाटावर थोडा वेळ उभी असते, लोक बसतात, स्थिरावतात. वाशीपर्यंत साधारण अर्धा तास, पनवेलपर्यंत पाऊण तासाहून जास्त. उलट सकाळी कल्याणहून भरून आलेली फास्ट ठाण्यात पकडणाऱ्या माणसाला खिशात हात घालायलाही जागा नसते. त्याला गप्पा सुचवणारं ॲप देणं ही चेष्टा आहे.

याच टप्प्यात एका अवघड प्रश्नाला तोंड द्या. परीक्षक तो विचारणारच: 'व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की!' खरंच आहे. जुन्या गटांचे ग्रुप मजेत चालतात आणि ते मोडायला जाऊ नका. पण त्यात एक भोक आहे. नव्या माणसाला आत यायचं तर आपला नंबर सगळ्यांना द्यावा लागतो आणि पटलं नाही तर बाहेर पडताना 'अमुक यांनी ग्रुप सोडला' असा गाजावाजा होतो, निदान ॲडमिनपुढे तरी. नंबर न देता आत येता येणं आणि मुकाट्याने बाहेर पडता येणं, तुमच्या ॲपला जागा आहे ती एवढीच. कुठली सोय ठेवायची आणि कुठली उडवायची, हे याच कसोटीवर ठरवा.

टप्पा ३: नियम आधी, सोयी नंतर

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो म्हणून मागे पडतो. माझ्या हिशेबात निम्मं काम इथेच आहे. एका कागदावर पुढचे नियम लिहा आणि ते भिंतीवर लावल्याशिवाय एकही स्क्रीन काढू नका.

पहिला: उतरायचं स्टेशन ॲप कधीही विचारणार नाही. गाडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ॲपमध्ये नको, आणि त्याला दोन कारणं आहेत. एकतर त्यातून जागेचं बुकिंग सुरू होतं. माझ्या पहिल्या ॲपमध्ये 'मी रबाळेला उतरतोय, जागा रिकामी होईल' अशी सोय होती. तिसऱ्या दिवशी एका ताईंनी 'ही जागा मला ॲपवर मिळाली आहे' असं म्हणून समोर उभ्या असलेल्या आजींशी वाद घातला. सोय त्याच रात्री काढली. दुसरं कारण जास्त गंभीर. रोज कोण कुठल्या गाडीला, कुठल्या दारातून चढतं आणि कुठे उतरतं, एवढी माहिती कुणाचा पाठलाग करायला पुरेशी असते.

दुसरा: फोटो नाही, आडनाव नाही, कंपनी नाही. टोपणनाव पुरे. समोरासमोर भेटल्यावर काय सांगायचं ते ज्याचं तो ठरवेल.

तिसरा: बाहेरच्याला फक्त काम दिसेल. 'तिसरा डबा, दुसरं दार: शब्दकोडं', बस्स. किती जण आहेत, त्यांत बायका किती, आज कोण आलंय, हे गटाबाहेर कुणालाही दिसणार नाही.

चौथा: गटात प्रवेश डब्यात उभं राहूनच. गटातला एक जण फोनवर क्यूआर कोड दाखवेल, नवा माणूस तो स्कॅन करेल. कोडचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवता येतो हे विसरू नका. म्हणून कोड त्या फेरीपुरताच चालेल, आणि स्कॅन झाल्यावर दाखवणाऱ्याने समोर माणूस बघून 'हो' दाबेपर्यंत प्रवेश होणार नाही. लेडीज डब्याच्या गटांसाठी तर हाच एक भरवशाचा उपाय आहे. फॉर्ममध्ये 'स्त्री' निवडलं म्हणजे पडताळणी झाली असं समजणारी टीम मला दर वर्षी भेटते.

पाचवा: जागा धरणं हा विषय गटात वर्ज्य. डब्यातले गट बदनाम आहेत ते यासाठीच: रुमाल टाकून चार जागा अडवायच्या, दारात घोळका करून नव्याला चढू द्यायचं नाही. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला अडवणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५५ खाली दंडनीय गुन्हा आहे. ॲपमुळे असे गट वाढले तर लोक तुम्हाला शिव्या देतील, आणि त्यांचं बरोबर असेल. गटाची मर्यादा बारा ठेवा.

सहावा: चोवीस तासांनी हजेरी पुसली जाईल. 'मागच्या महिन्यातल्या फेऱ्या' असा सुंदर आलेख काढायचा मोह आवरा.

सातवा: १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केलेल्या कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. कॉलेज प्रोजेक्टला ते झेपणारं नाही. अकरावी-बारावीची मुलं याच गाड्यांनी जातात, तेव्हा हा नियम पहिल्या पडद्यावरच दिसू दे.

*सावध:* संकटाच्या बटणावर स्वतःची यंत्रणा उभारू नका. 'आमचे स्वयंसेवक मदतीला येतील' असं लिहून पुढे कोणीच आलं नाही तर काय? बटण दाबल्यावर थेट १३९, म्हणजे रेल्वेची मदतवाहिनी, किंवा १५१२, म्हणजे लोहमार्ग पोलीस, एवढं लागलं पाहिजे.

*तपासा:* टीमबाहेरच्या तीन बायकांना हा कागद द्या आणि एकच विचारा, 'एखाद्या त्रास देणाऱ्या माणसाच्या हाती हे ॲप पडलं तर तो काय काय करू शकेल?' उत्तरं लिहून घ्या. वाद घालू नका. नियम दुरुस्त करा, मग पुन्हा विचारा.

टप्पा ४: पुठ्ठ्यावर चाचणी

अजून कोडचा एक शब्द लिहायचा नाही. वहीच्या आकाराचा पुठ्ठा घ्या, मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहा, तो मांडीवर ठेवून बसा. डब्यात कुठेही काही चिकटवू नका, वाटू नका, कुणाच्या तोंडासमोर धरू नका. फक्त दिसेल असा ठेवा.

आम्ही लिहिलं होतं: 'पावसात छपराच्या कडेने गळणारी धार. तीन अक्षरी. अडलंय.' पहिल्या दिवशी कोणी बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी एकाने फोटो काढला, बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या अलीकडे समोरच्या खिडकीतले काका, जे दोन दिवस डोळे मिटून बसले होते, डोळे न उघडताच म्हणाले, 'अहो, पागोळी लिहा की. दोन दिवस काय घेऊन बसलाय!' डब्यातले पाच जण हसले. चौथ्या दिवशी काकांनी स्वतःचं कोडं आणलं.

या चाचणीत तीन प्रकारच्या चिठ्ठ्या आलटून पालटून ठेवून बघा: काहीतरी सोडवायचं ('हे अडलंय'), काहीतरी हवंय ('सेकंड हँड बारावीची पुस्तकं कुठे मिळतील?') आणि नुसतं आमंत्रण ('गप्पा मारू या!'). प्रत्येक तीन-तीन दिवस. तिसऱ्या चिठ्ठीला आम्हाला काय मिळालं ते सांगतो: एक तिरका कटाक्ष, आणि शेजारचा माणूस उठून दाराशी गेला. तुमच्या चॅटच्या बटणावर नेमकं हेच आमंत्रण लिहिलेलं असतं.

*नेहमीची चूक:* पुठ्ठ्याऐवजी गूगल फॉर्म. 'प्रवासात नवीन मित्र करायला आवडतील का?' याला मोठ्या संख्येने 'हो' येतं आणि त्याचा अर्थ काहीच नसतो.

टप्पा ५: तीन पडदे, चार चिठ्ठ्या

आता कागदावर पडदे काढा. तीनच. पहिला, गाडीची वेळ, डबा, दार निवडायचा. दुसरा, फळा, म्हणजे त्या दारापाशी आज काय चाललंय. तिसरा, गटातल्यांसाठी तयार चिठ्ठ्या: 'येतोय', 'आज नाही', 'पुढची गाडी', 'कोडं मी आणतोय'. ('येतोय'च्या शेजारी 'येतेय' हवंच. बाई रोज 'येतोय' दाबतेय, हे बरं दिसत नाही.) मोकळं टायपिंग कुठेच नाही.

एक हात वरच्या हँडलला, खांद्यावर बॅग, अशा अवस्थेत एका अंगठ्याने सगळं जमलं पाहिजे. ऑफिसच्या खुर्चीत बसून हे कळत नाही. कागदी पडदे फोनवर चिकटवा आणि खरंच उभं राहून करून बघा.

नोटिफिकेशनचा प्रश्न आम्हाला सगळ्यात उशिरा सुटला. पहिला विचार होता की स्टेशन यायच्या आधी-नंतर एक मिनिट आवाज बंद ठेवू. पण रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं एकमेकांपासून तीन-चार मिनिटांवर. बंद वेळ वजा केला की उरतं काय? शेवटी नियम सोपा केला: जे सांगायचं ते फलाटावर, गाडीत चढायच्या आधी. गाडी सुटली की ॲप मुकं. याने दुसरंही साधतं. दाराशी उभ्या माणसाने फोन बाहेर काढावा असं काहीही तुमच्या ॲपने करता कामा नये. रुळांलगत काठी घेऊन उभी राहणारी फटका गँग हातावर फटका मारून फोन पाडते, आणि फोन वाचवायच्या नादात माणूस जातो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून दगावले, ते आठवा. 'दारापाशी भेटा' असं कुठेही लिहू नका. 'दुसऱ्या दाराने आत येऊन उजवीकडे' असं लिहा.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा, आणि मराठी आधी लिहून मग बाकीच्या. इंग्रजीवरून केलेल्या मराठी बटणांवर 'सामील व्हा' आणि 'सबमिट करा' येतं. गाडीत कोणी असं बोलतं का? 'मीही आहे' लिहा. फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून बघा. जोडाक्षरं आणि वेलांट्या बटणाच्या कडेला कापल्या जातात, इंग्रजीत हे लक्षातच येत नाही.

टप्पा ६: जागा ओळखणं आणि नेटवर्क

इथे थोडक्यात आटपतो, कारण मुलं यात उगाच महिना घालवतात. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतं, आणि शेजारच्या दोन रुळांत अंतर चार-पाच मीटरचं. माणूस कुठल्या गाडीत आहे हे त्यावरून ठरणार नाही, डबा तर दूरच. ब्लूटूथने आसपासचे फोन शोधायचे तर आयफोनवर ॲप मागे गेलं की अडचणी सुरू होतात, बॅटरी जाते ती वेगळी. माणसालाच विचारा. रोज एकच गाडी असते, एकदा निवडली की दुसऱ्या दिवशी 'आजही तीच?' एवढंच.

वेळापत्रक तुमच्या चाचणीच्या दहा-बारा गाड्यांपुरतं हाताने भरा, आणि बदलता येईल असं ठेवा. रविवारी चाचणी घेऊ नका: वेळापत्रक वेगळं, वर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. चिठ्ठी फोनवर साठवा आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवा, पण वीस मिनिटांत गेली नाही तर फेकून द्या. गाडी गेल्यावर पोचलेलं 'येतोय' म्हणजे माझ्या मित्राची रिक्षाची रांग.

गाडी कुठे अडकली, किती उशीर, हे दाखवायच्या फंदात पडू नका. एम-इंडिकेटर आणि मध्य रेल्वेचं यात्री ॲप लोकांच्या फोनमध्ये आधीच आहेत.

*तपासा:* फोन विमान मोडवर टाकून ठाणे ते वाशी जा. ॲप कुठे अडकलं, कुठे नुसतं गोल फिरत राहिलं, ते लिहा.

टप्पा ७: पहिली तीस माणसं

प्ले स्टोअरवर टाकायची घाई नको. एका गाडीच्या दोन-तीन दारांपासून सुरू करा, त्यांतलं एक लेडीज डब्याचं. पुठ्ठ्याच्या चाचणीत जे बोलले त्यांनाच विचारा. आमच्याकडे काकांपासून सुरुवात झाली. त्यांच्याकडे बटणांचा फोन निघाला, म्हणून त्यांची हजेरी अजूनही दुसराच कोणीतरी लावतो.

मोजायचं काय? ॲपमध्ये घालवलेली मिनिटं वाढली तर ती वाईट बातमी समजा. त्याच दाराशी तिसऱ्यांदा आलेली माणसं मोजा. एकदाच येऊन गेलेली मोजा, आणि जमलं तर का गेली ते विचारा. तक्रार आली तर त्याच दिवशी माणसाने वाचली पाहिजे. तक्रार अधिकारी कोण, हे नाव-संपर्कासह ॲपवर द्यावंच लागतं. ते नाव टीममधल्याच एकाचं असेल, तर त्याचा मे महिना परीक्षेचा आहे हे आधी बघा.

महिन्याच्या शेवटी स्वतःचं खातं काढून टाकून बघा. गटातल्या कुणाला कळलं का? फळ्यावर तुमचं नाव उरलं का? उरलं असेल तर टप्पा तीनला परत.

चॅटचा विचार तीन महिन्यांनी, तोही गटांनी स्वतःहून मागितलं तर. आमच्या गटाने अजून मागितलेलं नाही. त्यांनी मागितली ती पाचवी चिठ्ठी: 'आज खायला कोण आणतंय?'